वर्गात आणलेला जंजिरा

बहरीनमधल्या गुदैबियात माझं दुकान आहे. प्रोजेक्टर, स्पीकर, कॅमेरे विकतो आणि बसवूनही देतो. इलेक्ट्रिशियन म्हणून इथे आलो, अकरा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबलो, मग स्वतःची पाटी लावली. कुणी मला हलक्यात घेतलं की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, फिरायला कारणही लागत नाही.

झिंजमधल्या एका खासगी कॉलेजने माझ्याकडून वीस व्हीआर हेडसेट घेतले. इतिहास शिकवणाऱ्या बाई बहरीनी, पन्नाशीच्या. त्यांचा विषय नवा होता. आफ्रिकेतून गुलाम म्हणून, खलाशी म्हणून, शिपाई म्हणून नेलेली माणसं कुठे कुठे पोचली आणि तिथे त्यांचं काय झालं, हे त्यांना शिकवायचं होतं. पुस्तक वाचून दाखवण्याऐवजी पोरांना त्या जागी उभं करायचं, ही त्यांची कल्पना. हेडसेट डोळ्यांवर बांधला की झांझिबारचा बाजार, ब्राझीलमधला उसाचा मळा, इथल्याच आखातातलं मोती काढणाऱ्यांचं गलबत. ही सगळी दृश्यं परदेशातल्या एका कंपनीने बनवली होती. किमतीवरून बाईंशी तीन दिवस घासाघीस झाली. दोघंही तोडीस तोड निघालो. तिथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

माल पोचवल्यावर एकेक हेडसेट वर्गातच तपासत होतो. सातव्यात पुढचं दृश्य लागलं आणि मी खुर्चीवरून उठलोच. समोर जंजिरा होता, आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचा किल्ला. मी राजपुरीचा. बहरीनला येण्याआधी चार वर्षं मी राजपुरीच्या जेट्टीवरून शिडाच्या होडीने पर्यटकांना त्या किल्ल्यात नेत होतो. आणि यांनी मुख्य दरवाजा बसवला होता खुल्या समुद्राकडे, लांबून दिसेल असा सताड उघडा. खरा दरवाजा किनाऱ्याकडे तोंड करून आहे. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. अख्ख्या किल्ल्याची करामत त्यात आहे.

मी बाईंना सांगितलं. आवाज जरा चढला असेल.

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सप्लायर आहात. पट्टे नीट बसतात का तेवढं बघा."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. उरलेले तेरा हेडसेट तसेच ठेवून निघून आलो. दोन दिवस त्यांचे फोन घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच गेलो आणि सौदा मांडला. चूक दुरुस्त करा, वर्षभराची देखभाल माझ्याकडून फुकट. आयुष्यात मी पहिल्यांदाच वर काही देऊन सौदा करत होतो.

बाईंनी दरम्यान कुठेतरी नकाशा पाहिला असावा. म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. पण चित्र या सत्रात बदलून मिळणार नाही. चूक मी वर्गात तोंडी सांगेन. आवाज मात्र नवा घालता येतो. तुम्ही बोला. गुरुवारपर्यंत चांगलं झालं तर दृश्य ठेवते. नाहीतर खलास, काढून टाकते."

माझं गाव वर्गातून काढून टाकलेलं मला चालणार नव्हतं. रात्रीची वाटही न पाहता दुपारी दुकानाचं शटर ओढून इंग्रजीत रेकॉर्डिंग केलं. होडीवर हजार वेळा म्हटलेलं सगळं जसंच्या तसं तोंडात आलं. अजिंक्य किल्ला, कलाल बांगडी तोफ, चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याची दोन तळी. मंगळवारी बाईंनी चार विद्यार्थ्यांना ते ऐकवलं. मी मागे उभा होतो.

एका बहरीनी मुलीने हेडसेट काढला. तिचे पणजोबा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून इथे आणले गेले होते, हे तिने बाईंना आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "तोफेबद्दल कळलं. माणसं कुठायत? ती कशी आली? आता त्यांची मुलं कुठे राहतात?"

"गावात राहतात," मी म्हणालो. "माझ्या वर्गात एक सिद्दी होता."

"तो काय म्हणतो?"

मला माहीत नव्हतं. दहा वर्षं एका बाकावर बसलो, पण त्याच्या घरच्यांबद्दल मी कधी काही विचारलं नव्हतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

गावाहून नंबर मिळवून त्याला फोन केला. तो आता मुरुडला गॅरेज चालवतो.

"बहरीनचा शेठ," तो म्हणाला. "इतक्या वर्षांनी फोन म्हणजे काहीतरी फुकट पाहिजे."

"हो. फुकटच पाहिजे." मी सगळं सांगितलं.

त्याच्यामागे कुणीतरी टायर ठोकत होतं. मग तो म्हणाला, "मी जेट्टीवर शहाळी विकायचो. होडी सोडताना तू माझ्याकडे बोट दाखवायचास. ‘बघा, हे खरे हबशी.’ लोक फोटो काढायचे. आठवतं?"

आठवत नव्हतं, असं म्हणणार होतो. पण मग आठवलं. त्या वाक्यावर लोक खूश व्हायचे, बक्षिसी वाढायची.

"आठवतं," मी म्हणालो.

"मग ऐक. मी बोलीन, माझ्या आवाजात, आपल्या भाषेत. खाली इंग्रजी तू लिही. पण तुझा एक शब्द त्यात घालायचा नाही. आणि तुझ्या तोफेचं नाव काढायचं नाही."

समोरच्याने सांगितलेली पहिली अट मी कधी मान्य केलेली नाही. ही केली.

बुधवारी त्याने चार मिनिटांचा आवाज पाठवला. त्याची आजी किल्ल्यात जन्मली होती. तिच्याही आजीला लहानपणी गलबतात घालून आणलेलं. ती कुठल्या गावची हे कुणालाच ठाऊक नाही, पण घरात मूल जन्मलं की बायका एक गाणं म्हणतात, त्यातले तीन शब्द कुणाला कळत नाहीत. ते शब्द त्याने म्हणून दाखवले. इंग्रजी लिहिताना मला दोन ठिकाणी काहीतरी जोडायची फार हुक्की आली. जोडलं नाही.

गुरुवारी वीसच्या वीस विद्यार्थी हेडसेट बांधून बसले. चुकीच्या दरवाजासमोर मुरुडची बोली ऐकू येत होती. संपल्यावर बाई मला म्हणाल्या, "दृश्य राहतंय." त्यांनी फळ्याशेजारी लावलेल्या यादीत परदेशी कंपनीचं नाव होतं, माझ्या वर्गमित्राचंही होतं. माझ्या जागी ‘साहित्य पुरवठादार’ एवढंच. मी त्यांना त्याबद्दल ऐकवायला तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात ती मुलगी आली. त्या तीन शब्दांपैकी एक तिच्या आजीच्या तोंडी आहे, म्हणाली. तुमच्या वर्गमित्राशी बोलता येईल का?

मी फोन लावून तिच्या हातात दिला. तिला मराठी येत नाही, त्याला अरबी येत नाही. मोडक्या हिंदीत दोघं तोच एक शब्द पुन्हापुन्हा म्हणत राहिले. यादीचा विषय न काढता मी हेडसेट खोक्यात भरायला लागलो.