हात तुझे, नाव माझं

सर डहाणूला येणार म्हटल्यावर माझा पाय घरात ठरेना. प्राण्यांच्या नसांतून संदेश कसा धावतो, यावर त्यांनी आयुष्य घातलेलं. मुंबईत आम्ही प्राणिशास्त्र शिकलो ते त्यांच्याच पुस्तकातून. संशोधनाला त्यांना एक विद्यार्थी हवा होता. माकुलीच्या, म्हणजे स्क्विडच्या, अंगात दोऱ्याएवढी जाड नस असते; ती जिवंत सोडवून दाखव, मग बघू, असं त्यांनी मला सांगितलं होतं. इकडे बाबांनी तळासरीच्या शाळेत माझी नोकरी ठरवून टाकली होती. बाबा स्टेशनात तिकीटबाबू. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे ते जेवताना रोज ऐकवत.

मासळीवाल्या मावशीला मी बजावलं होतं की माकूल थेट होडीवरून आण, मोठ्या साहेबांसाठी आहे. सकाळपासून मी ओटीवर येरझारा घालत होते. सर वेताच्या खुर्चीत स्वस्थ बसलेले, आणि मला त्या स्वस्थपणाचाही राग येत होता. मावशी एकदाची आली. पातेल्यावरचं केळीचं पान तिने कौतुकाने बाजूला केलं. आत माकूल होती. डोकं काढलेली, साल सोललेली, पोट साफ करून विहिरीच्या पाण्यात धुतलेली, पांढरीशुभ्र. नस केव्हाच उकिरड्यावर गेली होती.

"साहेबांच्या दारात काळी राड कशी आणू गं?" मावशी म्हणाली.

तिचं बरोबरच होतं. मानाच्या पाहुण्याला आमच्याकडे मासळी साफ करूनच देतात. मला मात्र रडू फुटलं. डोळे पुसून मी तिला जवळजवळ ओढतच खाडीवर नेलं. एक होडी नुकती लागत होती. मावशी कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि बादलीत खारं पाणी घेऊन त्यात होडीतली जिवंत माकूल टाकून घेऊन आली. माकुलीने सोडलेल्या शाईने तिचं लुगडं काळं झालं होतं. घरापर्यंत मी पळत होते आणि मेली तर नाही ना म्हणून सारखी बादलीत डोकावत होते.

पहिला छेद गुरूंनी घ्यावा म्हणून मी कात्री सरांपुढे धरली. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. तेवढ्यात मला दिसलं. त्यांची बोटं थरथरत होती, आणि ती त्यांना आवरत नव्हती. नसांचा एवढा जाणकार माणूस, पण स्वतःच्या नसा त्याचं ऐकत नव्हत्या. मला फार वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, आशाही वाटली.

"तूच कर," ते म्हणाले.

मी केलं. मांसाला जोडलेली ठेवून नस मोकळी केली. तिला बॅटरीच्या सेलची तार टेकवली, तशी माकुलीची कड आक्रसली. सर बराच वेळ वाकून बघत राहिले. मग खुर्चीत मागे टेकले.

"हात तुझे, नाव माझं. चालत असेल तर जूनपासून ये."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी चालेल म्हणाले. बाबा दारातच उभे होते. साहेबलोकांसमोर त्यांची मान कधी वर झालेली मी पाहिली नव्हती.

"आणि पोरीचं नाव कुठं लागणार?" त्यांनी विचारलं.

आता सगळं फिसकटणार. मी त्यांना डोळ्यांनी दटावत होते, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"शोधनिबंधावर, माझ्या नावाखाली लागेल," शेवटी सर म्हणाले.

"मग लागू द्या," बाबा म्हणाले, आणि हेडमास्तरांना नकार सांगायला तळासरीची एसटी पकडायला निघाले.