रिंगेखालचा माणूस

“कसाले घाबरस, ताई? तुनी रिंग शे ना!” चष्मा कपाळावर चढवून तो म्हणायचा, आणि मी दाराकडं बघत हातोडी उचलायची.

गोडादऱ्यातल्या एका गुजराती मालकाच्या फ्लेक्सच्या दुकानात तो कॉम्प्युटरवर डिझाइन करायचा. मी छापून आलेल्या फ्लेक्सच्या कडा दुमडून कोपऱ्यांत पितळी रिंगा ठोकायची. चौकातले फ्लेक्स तुम्हीही बघता. वाढदिवस, उद्घाटनं, आणि हल्ली सैन्यभरतीचे क्लास. ‘देश तुला हाक मारतोय’, खाली मोबाइल नंबर.

भरतीच्या प्रत्येक फ्लेक्सवर डाव्या कोपऱ्यात हा गुपचूप रुपयाएवढं चित्र टाकायचा. खुर्चीत बसलेला, पोट सुटलेला, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस पायानं शिपायाला पुढं ढकलतोय. मालकाची नजर पडायच्या आत मी त्यावर रिंग ठोकायची. “भाऊ, एक दिवस स्वतः मरशील आणि मलाही मारशील,” मी म्हणायची. तो हसून चहात खारी बुडवायचा. निम्मी खारी कायम कपातच राहायची, एवढा वेंधळा. याच्यापासून कुणाला धोका असेल, असं देवालाही वाटलं नसतं.

पहिल्या भरती-फ्लेक्सवर त्यानं धाकट्या भावाचा फोटो लावला होता, कॉम्प्युटरवर वर्दी चढवून. फोटो मोबाइलवर गावी पोचला, गाव त्याला फौजी म्हणायला लागलं, मग पोराला जावंच लागलं. परत आला तो पेटीतून. श्रद्धांजलीचा फ्लेक्सही यानंच केला. “फोटू तोच शे, ताई,” एवढंच एकदा म्हणाला. त्या दिवशी मला फार रडू आलं.

यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी गावी गेले. टीव्हीवर युद्ध पेटलेलं. क्लासवाल्या सरांना चौकात मोठं होर्डिंग हवं होतं. यानं घाईत जुनीच फाइल ताणून मोठी केली. फाइल वाढली तसा कोपऱ्यातला माणूसही वाढला. रुपयाचं ताट झालं.

परत येताना रिक्षातून मला ते दिसलं. दुकानात पोचले, तर सर आधीच आलेले, मागं चार पोरं. सरांचंही पोट सुटलेलं. “हा कोण काढलाय? मी?”

हा उठला. चष्मा कपाळावर.

“नही सर. हाऊ मीच शे.”

‘जरा समजावतो’ म्हणत सरांनी त्याला गाडीत बसवलं. टेबलावर खारी तशीच होती. त्यानंतर तो आला नाही. खोलीला कुलूप, फोन बंद. विचारायला कुठं जायचं, आणि विचारलं तर आपलं काय होईल, या भीतीनं आम्ही सगळे खाली माना घालून काम करत राहिलो.

होर्डिंग उतरवून आणलं. नवं छापायचा खर्च मालकाला नको होता. “बेन, त्यां पट्टी चोंटाडी दे ने, पती गयुं,” तो म्हणाला. पट्टी चिकटवली की विषय संपला. मोबाइल नंबरची पट्टी मी त्या माणसावर चिकटवली. मालक फोनवर होता. गोंद मी फक्त वरच्या कडेला लावला.

आता ते पुन्हा चौकात आहे. वारा सुटला की मी मान वर करून बघते. पट्टी खालून उचलते. आधी पाय दिसतो, मग पोट, मग कपाळावरचा चष्मा.