पाच फूट की पाच मीटर

कॅमेरा समोर आला की माझे वडील, आमचे अण्णा, खांब व्हायचे. शर्टाचं वरचं बटण लावणार, हात मांडीला चिकटवणार, श्वास रोखणार. माझ्या लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये ते रेशनकार्डासाठी फोटो काढायला आल्यासारखे उभे आहेत. अस्सा राग यायचा मला!

मार्केट यार्डात ते तोलणार म्हणून काम करायचे. कांदा-बटाट्याची पोती काट्यावर घ्यायची आणि वजनाचा आकडा मोठ्यानं पुकारायचा, हे त्यांचं काम; त्या आकड्यावरच शेतकऱ्याचे पैसे ठरायचे. मी मोठी झाले तरी तोंडात बोट घालून बघायची. पोत्याला नुसता हात लावून ते म्हणायचे, "बावन्न," आणि काटा बावन्नवरच थांबायचा. गेल्या वर्षी गुडघ्यानं दगा दिला आणि महिनाअखेरीस काम सोडायचं ठरलं. आणि काम करतानाचा त्यांचा चेहरा आमच्याकडे एकाही फोटोत नव्हता. आता नाही मिळाला तर कधीच मिळणार नव्हता.

मोबाइल वर केला रे केला की त्यांचं बटण लागलंच. म्हणून मी पेठेतल्या एका कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे गेले. त्यांनी कपाटातून एक जुना, रोलवर चालणारा कॅमेरा काढला. "हा घ्या. हा आवाज करत नाही. आपणही करू नका."

या कॅमेऱ्यात भिंगातून बघायचं नसतं, शेजारच्या छोट्या खिडकीतून बघायचं. खिडकीच्या मध्यभागी एक फिकट पिवळा चौकोन, आणि त्यात प्रत्येक गोष्ट दोनदा दिसते. भिंगाची कडी फिरवत गेलं की त्या दोन प्रतिमा सरकत सरकत एकमेकींवर येतात आणि एक होतात. दुकानासमोरचा चहावाला असा दोनाचा एक झाला तेव्हा मी "अगंबाई!" म्हणून ओरडलेच. पण एवढं जुळवेपर्यंत चहावाला किटली घेऊन निघून गेला.

"चौकोन जुळवत बसलात तर माणूस घरी जाऊन जेवून येईल," चाचा म्हणाले. "अंतर आधीच लावून ठेवा. भिंगातलं उजेड आत सोडणारं छिद्र आठच्या आकड्यावर ठेवा, म्हणजे थोडं पुढेमागे खपून जातं. मग भिंगाला हात लावायचा नाही, आपले पाय पुढेमागे करायचे."

म्हणजे अंतर डोळ्यानं ओळखता यायला हवं. मी माप ठरवलं: पाच फूट म्हणजे आमची आई. समोरच्या माणसापर्यंत आई आडवी मावली की झाले पाच फूट. हे ऐकून आई म्हणाली, "अगं मेले, मला जिवंतपणी कशाला आडवी पाडतेस?" मी घरात फ्रिजपासून, बसथांब्यावर लोकांपासून, बिबवेवाडीच्या भाजीवाल्यांपासून अंतर सांगायची आणि मग खिशातली टेप लावायची. लोक हसले, हसू देत. तीन आठवड्यांत टेपची गरजच उरली नाही. पाय आपोआप पाच फुटांवर थांबायचे. देवाशपथ, हे माझ्या अंगातच होतं आणि मला पत्ता नव्हता!

शेवटच्या दिवशी सकाळी मी यार्डात गेले. भिंगावर पाच लावलं, कॅमेरा छातीशी धरला, डोळ्याला लावलाच नाही. अण्णांपासून बरोब्बर पाच फुटांवर उभी राहिले. "एकोणपन्नास! त्रेपन्न!" त्यांचा आवाज नुसता वाजत होता. एकदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "बाजूला हो, पोतं लागंल." शर्टाच्या बटणाकडे त्यांचा हात गेला नाही. मी अख्खा रोल संपवला आणि हवेत तरंगत घरी आले.

चार दिवसांनी चाचांनी फोटो काउंटरवर मांडले. "वडिलांना आपण धुक्यात उभं केलं होतं का?"

सगळ्या फोटोंत अण्णा धूसर. सगळ्या! चाचांनी भिंग फिरवून दाखवलं. त्यावर आकड्यांच्या दोन ओळी होत्या, एक फुटांची, एक मीटरची. फुटांची घासून पुसट झालेली. मी लावलं होतं ते पाच मीटरचं. आपल्याकडे माणूस फुटात मोजायचा, कापड मीटरमध्ये, खोली फुटात, रस्ता किलोमीटरमध्ये. आग लागो त्या मापांना! मी चाचांवर ओरडले, स्वतःवर ओरडले आणि मग दुकानातच रडले.

चाचांनी पाण्याचा ग्लास सरकवला आणि घड्याळजीचं भिंग हातात दिलं. "पाच मीटरवर जे होतं, ते तरी बघून घ्या."

मी बघितलं. धूसर अण्णांच्या मागे माल घेऊन आलेले शेतकरी उभे होते, हमाल होते, एक पदर दातात धरलेली बाई होती. दाढीचा एकेक खुंट मोजता यावा इतके स्पष्ट. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे ओठ आकडा यायच्या आधीच उघडलेले. पुढच्या फोटोत माणसं वेगळी, नजर तीच. काट्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं मी त्या माणसाची मुलगी होते आणि मला हे माहीत नव्हतं.

त्यातले मोठे करून घेतलेले फोटो मी अण्णांपुढे ठेवले. चष्मा पुसून त्यांनी एक उचलला. "यात मी कुठं हाय?"

"हे पुढचे धूसर, ते तुम्ही."

तो फोटो घेऊन ते खिडकीपाशी गेले. "हे समदे माझ्याकडं बघत्यात?"

"तुमच्याकडेच, अण्णा."

"मी कधी मान वर करून बघितलंच न्हाई गं. माझं ध्यान काट्यावर." त्यांचं बोट एकेका चेहऱ्यावरून फिरत होतं. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "माझ्याकडनं कधी चुकलं तर नसंल?"

"नाही हो, अण्णा," मी घाईघाईनं म्हणाले.

"तुला काय म्हाईत?" म्हणाले, आणि त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर बोट ठेवून तसेच उभे राहिले.