चिंचेपर्यंतचा धक्का

एकोणीसशे शहात्तर साल. मी सत्तावीस वर्षांचा होतो, आणि निघोज्यात माझ्या वयाच्या पोरांत मोटारसायकल फक्त माझ्याकडं होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ तिथंच आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात चूकभूल होईल ती सांभाळून घ्यावी. गाडीबद्दल मात्र मला कुणी शिकवू नये.

गाडी जुनी घेतलेली, पण दणकट. पेट्रोलात ऑइल मिसळून घालायची, मागं धुराचा लोट सोडत जायची. एकदा तापली की दिवसभर बघायला नको. खोड एकच, थंडीतली. दिवाळी सरली की पहाटे किक मारावी, तिनं दोन-चार वेळा फटफट करावं, आणि गिअर टाकला की जीव सोडावा. पुन्हा किक, पुन्हा तेच. पहिल्या शिफ्टला देहूवरून वळसा घालून चिंचवड गाठायचं म्हणजे उजाडायच्या आत निघावं लागे. गेटवर उशीर झाला की अर्धा दिवस गेला.

ही गाडी मी बैल विकून घेतली होती. बैल माझाच होता. वडील गेल्यावर आमची वाटणी झाली. रान निम्मं निम्मं, घरात मधे कमरेएवढी भिंत घालून ते निम्मं निम्मं, आणि बैलांची जोडी होती त्यातला एकेक. मी कंपनीत लागलेला, त्यामुळं माझंही रान थोरला भाऊच करायचा आणि निम्मं धान्य माझ्या दारात आणून टाकायचा. जोडी कागदावर फुटली होती, गोठ्यात एकत्रच होती. थोरला सासुरवाडीला गेलेला बघून मी माझा बैल चाकणच्या बाजारात नेला.

तो आला, त्यानं मोकळा खुंटा बघितला. ओरडला नाही. मला म्हणाला, "एका बैलाला घेऊन आता मी काय करू? गाणं म्हणू?"

मी म्हणालो, "माझा व्हता, मी इकला."

तिथून आमचं बोलणं बंद झालं. मी आधी बोलायचं कारण नव्हतं, कारण बैल माझाच होता. आणि तो आधी बोलणारा नव्हता, कारण तो थोरला. पुढं त्यानं गावातल्या दुसऱ्या एका एकबैल्या शेतकऱ्याशी वारंगुळा केला. म्हणजे याचा एक, त्याचा एक, आज याच्या रानात जुंपायचे, उद्या त्याच्या. माझं रानही त्यानं असंच केलं. धान्य दारात येतच राहिलं. फक्त ते टाकताना हाक येईना.

गोठा दोघांचा एकच होता. गाडी मी माझ्या बैलाच्या जागी, त्याच खुंट्याशी लावायचो. त्याचा बैल दावणीवरून मान वळवून तिच्याकडं बघत राहायचा.

पहिल्या थंडीतली गोष्ट. मी किका मारून घामाघूम झालेलो. थोरला आत शेण भरत होता. तो बाहेर आला, गवताच्या मुठीनं हात पुसले, आणि काही न बोलता गाडीच्या कॅरिअरला मागून हात लावला. मी तरी काय म्हणणार? दुसरा गिअर टाकला, क्लच दाबून बसलो. आमच्या घरापासून चिंचेच्या झाडापर्यंत बोळ होती, तिला थोडा चढ. त्यानं तेवढ्या चढावर गाडी रेटली. चिंचेपाशी क्लच सोडला तशी ती भडकली, आणि मी तसाच पुढं गेलो. थांबलो असतो तर पुन्हा बंद पडली असती. म्हणून मागं वळून बघितलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग रोजच. मी कधी हाक मारली नाही, त्यानं कधी विचारलं नाही. दुसरी किक वाया गेली की गोठ्यात घमेलं खाली ठेवल्याचा आवाज यायचा आणि मागून गाडी हलायची. मला तो दिसायचा नाही, पण धक्क्यावरून कळायचं. खोकला असला की धक्का तुटक यायचा. बरा असला की चिंचेच्याही पुढं दोन पावलं रेटत यायचा. आणि त्याचा कान असा, की गाडीवर कधी न बसलेल्या या माणसाला ती केव्हा पेटणार हे माझ्या आधी कळायचं. एकदा मी क्लच सोडायला घाई केली, गाडी आचका देऊन बंद पडली. त्यानं पुन्हा रेटली, आणि चिंचेपाशी मागून म्हणाला, "हं, आता."

मी क्लच सोडला, गाडी लागली.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बोलले की मग भावजी."

मी म्हणालो, "माझ्याशी न्हाई, गाडीशी बोलला."

ती हसली आणि भाकरी थापत राहिली. पुढं रोज चिंचेपाशी ते "हं, आता" यायचं. दोन हिवाळे आमच्यात एवढंच बोलणं होतं. कंपनीतला एकजण सारखा मागं लागायचा, राव, कार्बोरेटर साफ करून देतो, सुट्टीच्या दिवशी घरी आण. मी त्याला म्हणायचो, माझ्या गाडीत खोट नाही, तुमच्याकडं थंडी कमी आहे. असं का म्हणायचो, हे त्या वेळी मी स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी गावात दाढी करायला बसलो होतो. शेजारी बसलेला माणूस हसत म्हणाला, "तुझा थोरला काल दूधवाल्यापाशी काय म्हणाला ठावं हाय का? म्हणाला, धाकट्यानं एक बैल इकला, आता रोज सकाळी मला जुंपतो." बसलेले सगळे हसले. न्हावीही हसला, वस्तरा हातात धरून.

मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो नाही, पण उठावंसं वाटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, ते कौतुकानं बोलले असतील, भावाची चेष्टा करायला काय झालं. मला ते कौतुक वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मी आकुर्डीच्या मिस्त्रीकडं गेलो. कार्बोरेटरात कचरा होता आणि चोकची वायर ढिली पडली होती. शेजारच्या टपरीवर चहा उकळेपर्यंत काम झालंही.

पहाटे गोठ्यातून गाडी काढली. एका किकेत लागली. मी मुद्दाम ॲक्सिलेटर पिळून धरला. थोरला नेहमीसारखा हात पुसत बाहेर आला होता. तो थांबला, हातातली गवताची मूठ तशीच. माझ्याकडं बघत होता, एवढं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. मी गिअर टाकला. चिंचेपाशी गाडी इतकी छान चालत होती की थांबलो असतो तरी बंद पडली नसती. मी थांबलो नाही.

त्यानंतर तो बाहेर आला नाही. त्याला बाहेर यायचं कारणच उरलं नव्हतं.

आठवडा-दोन आठवडे गेले असतील. कामावरून आलो तर गोठ्यात थोरल्याचा बैल नव्हता. दोन्ही खुंटे मोकळे. बायको भिंतीशी उभी होती. वहिनीनं तिला सगळं सांगितलं होतं. वारंगुळ्याचा जोडीदारही कंपनीत लागला होता आणि त्यानं आपला बैल काढला होता. तेव्हा थोरल्यानं ठरवलं होतं की आपणही कंपनीत जावं, धाकट्याला शब्द टाकायला सांगावं. घरात येऊन विचारायला त्याची जीभ रेटेना. म्हणून वहिनीला म्हणाला होता, उद्या धक्का देताना चिंचेपाशी विचारतो, तिथं आमचं बोलणं हाय.

"तो उद्याचा दिवस म्हणजे तुमची गाडी नीट झाली तोच," बायको म्हणाली.

माझं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. गाडी दुरुस्त करणं हा काही गुन्हा नव्हे. पण त्या रात्री मला भाकरी गेली नाही. थोरला पुढं गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहत राहिला. माझ्याकडं कधी शब्द मागितला नाही, आणि मीही आपण होऊन टाकला नाही. आज तो नाही. आमच्या रानावर कारखान्याची पत्र्याची शेड आहे. चिंच रस्त्यात गेली.

पण बैल गेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी गाडी गोठ्याबाहेर काढली, आणि चावी न लावताच किक मारली. मग दुसरी. घमेलं ठेवल्याचा आवाज कुठून येणार, गोठा रिकामा होता. तरी मी मारत राहिलो. पाठ भिजली. पलीकडच्या घरात दिवा लागला. वहिनीच्या बांगड्या वाजल्या, कडी काढल्यासारखं वाटलं, पण दार उघडलं नाही. मी आणखी एक किक मारली.

मग आतून थोरल्याचा आवाज आला. रागाचा नव्हता. अंथरुणात पडल्या पडल्या बोलावं तसा.

"चावी लाव."

मी चावी लावली. गाडी एका किकेत लागली, आणि मी कामावर गेलो.