बाथरूमची कडी

माझे बाबा कुलूपवाले. बाजारात त्यांचं खरं नाव सांगितलं तर लोक डोकं खाजवतील, पण 'कुलूपवाले काका' म्हटलं की कुणीही दुकानापर्यंत आणून सोडेल. दुकान म्हणजे जिन्याखालची सहा फुटांची खोली. एका भिंतीवर चाव्या टांगलेल्या, दुसरीला टेकून मी बसलेली. बाबा कानस चालवतात आणि गिऱ्हाइकाशी मी बोलते, कारण बाबांना बोलण्याचं वावडं आहे. दिवसात दहा वाक्यं बोलले तर आई विचारते, "बरं नाही का?"

कुलपाचा विषय निघाला की मात्र गडी खुलतो. घरफोडी झाली की पोलीसही त्यांनाच बोलावतात. दार चावीने उघडलं की फोडलं, आतून की बाहेरून, हे बाबा नुसतं बघून सांगतात. एका दुकानदाराने स्वतःच आतून कुलूप तोडून चोरीची बोंब ठोकली होती. बाबांनी दोन मिनिटांत त्याचं पितळ उघडं पाडलं. महिनाभर तो आम्हाला बघून रस्ता बदलत होता.

गेली काही वर्षं आणखी एक काम येतं. नवऱ्याने बायकोला मारहाण केली, प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याने घरात पाऊल ठेवायचं नाही असा हुकूम निघाला, की त्या घराचं कुलूप बदलावं लागतं. कोर्टाच्या एक बाई चिठ्ठीवर पत्ता आणून देतात, आम्ही जातो. येताना मी त्या नवऱ्याच्या सात पिढ्या उद्धारते. "असल्यांना आईबापांनी काही वळण लावलं की नाही?" हे माझं ठरलेलं वाक्य. बाबा त्यावर कधीच काही बोलले नाहीत.

त्या मंगळवारी सकाळी बाईंनी चिठ्ठी दिली. बाबांनी चष्मा लावून ती वाचली, पुन्हा वाचली आणि माझ्या हातात ठेवली. पत्ता माझ्या दादाचा होता.

मी चक्क हसले. म्हटलं, "बाई, काहीतरी घोटाळा झालाय. हे माझ्या भावाचं घर. वरच्या मजल्यावर एक भांडकुदळ जोडपं राहतं, त्यांचं असेल."

बाईंनी फाइल उघडली, नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मला खरंच माहीत नव्हतं हो. तुमच्या भावाला काल संध्याकाळीच पोलिसांनी नेलंय. काका, तुम्ही राहू द्या, मी दुसऱ्या कुणाला तरी बघते."

बाबा पिशवीत हत्यारं भरायला लागले होते.

माझा दादा शाळेची बस चालवतो. चालवायचा. नाकासमोर चालणारा माणूस, आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. दोनच दिवसांपूर्वी फोनवर माझ्या स्वयंपाकाची टिंगल करत होता. वाटेभर मी मनात घोकत होते की हा वहिनीचा कांगावा आहे. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला हेच वाटलं.

वहिनीने दार उघडलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, ओठ सुजलेला. बाई तिला समजावायला लागल्या, "हे तुमचे सासरे आहेत हे मला आत्ता कळलं. दुसरा माणूस मिळेल, तासभर थांबावं लागेल."

"नको," वहिनी म्हणाली. "बाबांनाच करू द्या."

बाबांनी कुलूप काढलं, नवं बसवलं, सगळ्या चाव्या वहिनीच्या डाव्या हातात दिल्या. मग ते हात धुवायला बाथरूमकडे गेले ते परत येईनात, म्हणून मी बघायला गेले. ते पालथ्या बादलीवर बसले होते. समोर दाराची चौकट होती. कडी ज्यात अडकते तो कोयंडा स्क्रूंसकट उखडून खाली पडला होता आणि लाकडाचे कपचे आत मोरीपर्यंत उडाले होते.

एवढी वर्षं त्यांच्याबरोबर हिंडल्यावर मलाही तेवढं कळतं. लाकूड फुगलं तर कडी लागत नाही, घासते. पण कोयंडा असा आतल्या बाजूला उखडायला बाहेरून लाथच बसावी लागते.

आणि ती कडी बाबांनीच लावलेली होती. दोन वर्षांत दोनदा. दोन्ही वेळा दादा म्हणाला होता, "बाथरूमचं दार ओलीने फुगतं हो, कडी निघून येते." मी दोन्ही वेळा बरोबर होते.

वहिनी माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. "बाबा, मी म्हटलं होतं तुम्हाला," ती हळूच म्हणाली, "आणखी मजबूत लावा म्हणून."

हो, म्हटलं होतं. आणि मी तिला काय म्हणाले होते तेही मला शब्दन् शब्द आठवलं. "वहिनी, बाथरूममध्ये खजिना लपवलायस की काय?" तेव्हा दादा खो खो हसला होता. त्याच्याबरोबर मीही हसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादा जामिनावर सुटून आमच्याकडे राहायला आला. वहिनीच्या घराजवळ फिरकायचं नाही, फोन करायचा नाही, अशा अटी होत्या. शाळेने बसच्या किल्ल्या काढून घेतल्या. तो नेहमीसारखाच वागायचा, नेहमीसारखंच हसायचा, आणि मला त्याचीच भीती वाटायची. "ती घसरून पडली," एवढंच तो सांगे.

आईने दादाच्या वकिलाला विचारलं, "सुनेला समजावून तक्रार मागे घ्यायला लावली तर?"

"काकू, आता ते तिच्या हातात राहिलेलं नाही," वकील म्हणाला. "खटला सरकारने भरलाय. ती नको म्हणाली तरी चालणार. आणि तुम्ही तिला गळ घालायला गेलात, तर याचा जामीन रद्द होईल."

घरातलं भांडण घरात मिटवता येत नाही, हे आईच्या डोक्यात शिरेना. वकील बाबांकडे वळला. "मुद्दा एकच आहे, काका. ती म्हणते, मी आत कडी लावून बसले होते, याने दार फोडलं. हा म्हणतो, ती घसरली. कडी तुम्ही दुरुस्त करत होता, म्हणून सरकारी वकिलाने तुम्हाला साक्षीला बोलावलंय. लाकूड फुगलेलं होतं, कडी आधीच खिळखिळी होती, एवढं म्हणालात की झालं."

"बाबा, तेवढंच," दादा म्हणाला. "गुन्हा शाबीत झाला तर मला तुरुंगात टाकतील. शाळेची बस तर जन्मात मिळणार नाही."

आई रडत म्हणाली, "बापाने मुलाला तुरुंगात घातलं, असं लोक म्हणतील हो!"

बाबा कानस पुसत राहिले.

कोर्टात ते पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. सरकारी वकिलाने विचारलं, "कडी कशामुळे निघाली?"

"बाहेरून लाथ मारून," बाबा म्हणाले. "लाकूड फुगलेलं नव्हतं. दार चांगलं होतं."

आईने माझा हात सोडला. दादा मान खाली घालून बसला होता. त्याच्या शिक्षेचा निकाल पुढे महिन्याभराने लागला, पण माझ्या लेखी तो तिथेच लागला होता. मला बाबांचा अभिमान वाटला. लख्ख आठवतं, अभिमानच वाटला, आणि तो फार तर मिनिटभर टिकला.

कारण मग दादाचा वकील उठला. आवाजात साखर घोळत म्हणाला, "काका, तुम्ही एवढे जाणकार. पोलीस तुमचा सल्ला घेतात. हीच कडी तुम्ही आधी दोनदा बसवलीत. तेव्हा तुम्हाला कसलीही शंका आली नाही. बरोबर ना?"

बाबांनी वहिनीकडे बघितलं. ती समोरच्या बाकावर बसली होती.

"आली होती," ते म्हणाले.

न्यायाधीशांनी लिहायचं थांबवून वर बघितलं आणि विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"मोठी कडी लावली," बाबा म्हणाले.