खोकल्याची साक्ष

हे पूर्ण असं मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धं ठाऊक आहे, आमच्या चर्चच्या पाळकांना काहीच नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही मला नीट कळत नाही.

बोईसरला एका घरी आमची बुधवारची प्रार्थनासभा असते. रोज एका गोष्टीसाठी देवाचे उपकार मानायचे आणि बुधवारी त्यातलं एखादं उभं राहून सगळ्यांना सांगायचं, म्हणजे साक्ष द्यायची, ही तिथली पद्धत. मला ते आवडायचं, खरंच आवडायचं. सकाळी दूध तापेपर्यंत मी गॅसपाशी उभी राहून आभार मानायची. नळाला पाणी आलं, मुलीचा ताप उतरला — एवढंसंही पुरायचं.

मग मला खोकला लागला. टीबी निघाला. बोईसरात कुणी बघेल म्हणून मी औषधाला पालघरला जायची. घरी फक्त नवऱ्याला माहीत, आणि तो कधी सभेला येत नाही. महिनोन् महिने गोळ्या घेतल्या. बरी झाले.

पुढच्या बुधवारी, खोकला गेला म्हणून, मी साक्ष द्यायला उभी राहिले. आनंद खोटा नव्हता हो — रडतच बोलत होते. कुणीतरी विचारलं, "औषध काय घेतलंस गं?" आणि मी म्हणाले, "फक्त प्रार्थना."

का म्हणाले? टीबीची लाज? की सगळे माझ्याकडे तसे बघत होते म्हणून? अजून कळत नाही. घरभर हालेलूया झालं.

दाराजवळ सुमन बसली होती. मनोरकडच्या पाड्यावरची, तारापूरच्या कारखान्यात माझ्याबरोबर पॅकिंगला. सभेला तिला मीच आणलं होतं. तीही खोकायची. सरकारी दवाखान्यातून तिला गोळ्या सुरू झाल्या होत्या, हे मला माहीत होतं.

थोड्या दिवसांनी कारखान्याच्या गेटपाशी ती हसत मला म्हणाली, "ताई, गोळ्या सोडल्या मी. तुमचा घालवला देवाने, माझा पण घालवील."

मी म्हटलं, "असं करू नकोस, गोळ्या घेत जा."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुमी कुठं घेतल्या होत्या?"

इथे — इथे सांगता आलं असतं. गेटवर आम्ही दोघीच होतो. खरं तेवढं सांगायचं, की हो, घेतल्या होत्या. मी म्हणाले, "माझं वेगळं होतं." आणि कामाला आत गेले.

नंतर तिच्या तोंडातून रक्त पडलं. भावाने दवाखान्यात नेलं. गोळ्या मधेच सोडल्याने आधीची औषधं तिला लागू पडेनात, दुसरी जड औषधं द्यावी लागली. ती वाचली. पण एक फुप्फुस कायमचं गेलं. काम सुटलं. आता ती पाड्यावर आईकडे असते. चार पावलं चालली की थांबून खाली बसते.

मी भेटायला जाते. फळं नेते. तिच्यासाठी प्रार्थना करते, तीही मोठ्याने. आणि सकाळी गॅसपाशी उभी राहिले की मला काही सुचत नाही. मी बरी झाले याचे आभार मानू? गोळ्याही देवानेच दिल्या असतील, तर मी नाव घ्यायला का लाजले? सुमन वाचली याचे मानू? ज्यातून ती वाचली, त्यात तिला ढकलणारी मीच — मग ते आभार कुठल्या तोंडाने? दूध उतू जातं आणि मी तशीच उभी असते.

गेल्या बुधवारी भावाने तिला रिक्षाने सभेला आणलं होतं. साक्षीची वेळ आली तेव्हा ती खुर्चीला धरून उठली. श्वास पुरत नव्हता, थांबत थांबत बोलली. "मी देवाचे उपकार मानते... या ताईसाठी. हिच्यामुळे मला विश्वास आला हाय."

सगळे माझ्याकडे वळून बघत होते. सुमनही बघत होती.

मी डोळे मिटले आणि आमेन म्हणाले.