कुडाला चिकटवलेला पेपर

भोरला सिस्टर लोकांच्या दवाखान्यात मी स्वयंपाकाला होते. तिथं त्यांच्या कॅथलिक लोकांचा मराठी पेपर यायचा. जुने गठ्ठे सिस्टर मला द्यायच्या आणि हिर्डोशीला आमच्या घरी ते कारवीच्या कुडाच्या भिंतीला लागायचे. वारा अडायचा. चिंचोक्याची खळ सासूबाई करायच्या, चिकटवायच्याही त्याच. त्यांना अक्षर येत नाही, म्हणून निम्मा पेपर उलटा लागला. चौथीनंतरचं माझं शिक्षण त्या कुडावर झालं. उलटं मी सुलट्यापेक्षा भरभर वाचते.

एक पान मात्र मी स्वतः सुलटं चिकटवलं. त्यात वाचकाचं पत्र होतं: एसटी अर्ध्या वाटेतूनच परत वळते आणि बाळंतपणाची बाई चालत न्यावी लागते. खाली ‘एक भगिनी’. ती भगिनी मी. घरात कुणाला सांगायची छाती नव्हती, म्हणून वर कॅलेंडर टांगलं.

पेपर चालू होता तोवर तो कुणी जपला नाही. बंद पडल्यावर त्याचा इतिहास लिहायचं ठरलं. यंदा पुण्याहून एक फादर सिस्टरांना विचारत घरी आले आणि मान वाकडी करून कुडापुढं उभे राहिले.

“मावशी, हे पहिल्या वर्षाचे अंक! आमच्या ग्रंथालयातसुद्धा नाहीत.”

“तिथं कसं असतील?” सासूबाई म्हणाल्या. “हितं हायती न्हवं.”

फादरांनी कोमट पाणी मागितलं आणि इतिहास सोलायला घेतला. खळ सासूबाईंची, पेपरापेक्षा कूड लवकर निघत होता. सोलता सोलता ते म्हणाले, “डोंगरात आमचे वाचक नव्हतेच, असं मी प्रस्तावनेत लिहिलंय.” मी मान हलवली. हे काम मला आयुष्यभर चांगलं जमलंय.

मग त्यांचा हात कॅलेंडरकडं गेला.

“त्येला हात लावू नगा!” सासूबाई कडाडल्या. “गाय कवा व्यायची त्ये मांडलंय त्यावर.”

गाईपुढं इतिहास मागं सरला. फादर बाकीची पानं उन्हात वाळवून घेऊन गेले.

संध्याकाळी उघड्या कुडातून वारा यायला लागला. सासूबाई म्हणाल्या, “गाय तर मागल्याच म्हैन्यात व्याली. आता सांग, रोज कॅलेंडर उचलून काय बघतीस?”

मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“ही बाई लई तोंडाळ दिसती.”

“व्हय,” मी म्हणाले.

“पुन्यांदा वाच.”